एक ऑगस्टच्या पानावर

आज शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५.

रोज सकाळी दिनविशेष सांगायचं काम माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सात-आठ ओळी असतात. अमुक साली अमुक जन्मले, तमुक साली तमुक वारले, एखादी लढाई, एखादा शोध, की संपलं. तुम्ही तेव्हा डबे भरत असता, नाहीतर आचोळे रोडवरून स्टेशनकडे धावत असता. मीही त्या ओळी कधी फार मनावर घेतल्या नव्हत्या. पण मागच्या महिन्यात सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय गो, एवढी माणसं रोज जन्मतात नि मरतात तुझ्या रेडिओत. माझा दिवस कधी येतो?"

मी म्हटलं, "आई, तुमचा दिवस १ जानेवारी. आधार कार्डावर आहे की."

"तो सरकारचा," त्या म्हणाल्या. "माझा नागपंचमीचा."

त्यांचं म्हणणं पुढे सांगते. आज सात ओळी बाजूला ठेवून एकच तारीख नीट उलगडून बघू म्हटलं. एक ऑगस्ट. कॅलेंडरच्या या चौकोनात किती जण दाटीवाटीनं बसलेत, ते कसे येऊन बसले, आणि कोणाला जागा मिळाली नाही, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात १९२० सालापासून करू. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह नावाची इमारत आहे. तिथे लोकमान्य टिळक आजारी पडून होते. शनिवारची रात्र होती, ३१ जुलै. बाहेर माणसांची गर्दी, वरून पाऊस. मध्यरात्र उलटून ४० मिनिटं झाली आणि टिळक गेले. घड्याळानं तारीख बदलली होती, म्हणून त्यांची पुण्यतिथी १ ऑगस्ट. तासभर आधी प्राण गेला असता तर आज शाळेतली मुलं भाषणं पाठ करून आली नसती, कालच येऊन गेली असती. रविवारी त्यांची अंत्ययात्रा निघाली. भर पावसात लाखोंचा लोंढा गिरगाव चौपाटीकडे चालला होता, आणि खांदा देणाऱ्यांत गांधीजीही होते. चौपाटी ही काही स्मशानाची जागा नव्हे. तिथे दहनाला खास परवानगी मिळाली. आज तिथेच टिळकांचा पुतळा उभा आहे.

त्याच दिवशी गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीला सुरुवात व्हायची होती. ती तारीख आधीच ठरलेली होती, टिळकांच्या मृत्यूशी तिचा काही संबंध नव्हता. इंग्रज सरकारनं दिलेली पदकं गांधीजींनी परत केली, त्या पत्रावरही १ ऑगस्ट हीच तारीख आहे. एक पुढारी गेला आणि दुसऱ्याचा काळ सुरू झाला, दोन्ही एकाच दिवशी. इतिहास लिहिणाऱ्यांना असा योग फार आवडतो. सांगायला सोपा जातो ना.

टिळकांबद्दल एक गोष्ट मात्र आपण बायकांनी विसरू नये. स्वराज्यासाठी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढणारा हा माणूस मुलींना मुलांसारखंच हायस्कूलचं शिक्षण द्यायच्या विरुद्ध होता. पुण्याच्या हुजूरपागेवर त्यांच्या वृत्तपत्रांनी बरीच टीका केली. लहान मुलींना सासरच्या जाचातून थोडं तरी वाचवणारा १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, त्यालाही त्यांनी विरोध केला. मोठ्या माणसाचं मोठेपण मानावं आणि हेही सांगावं, असं मला वाटतं. ते मंडालेला असतानाच जून १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. नवऱ्याला बातमी कळली ती तुरुंगात. मी वाचलेल्या एकाही दिनविशेषात सत्यभामाबाईंचा जन्मदिवस मला सापडलेला नाही.

आता त्याच रविवारी, पण मुंबईपासून खूप दूर. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. तिथल्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठे यांना मुलगा झाला. नाव ठेवलं तुकाराम. पुढे हाच अण्णाभाऊ साठे. मुंबईत मोठी अंत्ययात्रा चालली होती आणि इकडे एका झोपडीत दिवस भरलेली बाई कळा देत होती. या दोघांची एकमेकांना खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

आणि ती झोपडी कसल्या काळातली? इंग्रजांनी काही जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यात मांग समाजही आला. पुरुषांना पोलीस चावडीवर हजेरी द्यावी लागे. अण्णाभाऊंच्या जन्माची एक आठवण सांगितली जाते. फकिरा नावाच्या बंडखोरानं त्याच सुमाराला इंग्रजांचा खजिना लुटला होता. वालुबाईचं बाळंतपण झालंय कळल्यावर त्यानं ओंजळभर सुरती रुपये त्या घरात दिले. बाळंतिणीच्या तोंडात घास पडला तो त्या रुपयांवर. पुढे त्याच फकिरावर अण्णाभाऊंनी कादंबरी लिहिली. १९५९ साली ती आली आणि तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. लिहिणारा किती शिकलेला? दीड दिवस शाळेत गेलेला. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत बघत अक्षरं जोडली.

मला या आठवणीतली एक गोष्ट फार ओळखीची वाटते. वालुबाईला कुणी विचारलं असतं, तुझा पोरगा कधीचा, तर तिनं १ ऑगस्ट १९२० सांगितलं नसतं. फकिरानं रुपये दिले तेव्हाचा, असं ती म्हणाली असती. आपल्या आया-आज्यांनी सगळ्यांचे जन्म असेच लक्षात ठेवले. भातं लावली तेव्हाचा. पूर आला तेव्हाची. गाय व्याली त्याच आठवड्यातली. तो हिशेब चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. फक्त तो कचेरीत चालत नाही.

तारीख ही तरी कुठे आभाळातून पडलेली आहे? घड्याळाची तारीख मध्यरात्री बदलते. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. म्हणजे टिळक गेले तेव्हा इंग्रजी हिशेबानं रविवार लागला होता, पण पंचांगाच्या हिशेबानं अजून शनिवारच चालू होता. गंमत अशी की पंचांगाचं गणित सुधारावं म्हणून टिळकांनी स्वतः खटपट केली होती, आणि कोकणात काही घरांत आजही टिळक पंचांग चालतं. आपल्या वसईचंच घ्या. चिमाजी अप्पांपुढे पोर्तुगीज शरण आले ती तारीख १६ मे १७३९ सांगतात. पण इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर वापरत होते, ते ११ दिवसांनी मागे होतं. त्यांच्या हिशेबानं तो दिवस ५ मे. मराठ्यांच्या कागदांवर मुसलमानी महिन्यांची तारीख नाहीतर तिथी. किल्ला एकच, शरणागती एकच, आणि तारखा तीन. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग माझ्याच दोन तारखांचं त्यांना एवढं काय?"

खरंच काय, हे समजायचं तर एक ऑगस्टचं तिसरं माणूस बघायला हवं. हे माणूस नाही, खातं आहे. आज महाराष्ट्रात महसूल दिन असतो. शाळेचं वर्ष जूनला, बँकेचं एप्रिलला, तसं महसूल खात्याचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. पावसाचं पाणी शेतात, लावणी उरकत आलेली, तेव्हा तलाठ्याचं नवं वर्ष लागतं. आता तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडातून तलाठीच येतं.

आणि आपला जिल्हा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणजे आज त्याला ११ वर्षं पूर्ण झाली. त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात होतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकवस्तीचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांच्या वर माणसं. मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या बाईला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला जायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर प्रवास, एका दिवसाची मजुरी बुडवून. तो मोठा संसार वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा असे आठ तालुके घेऊन राज्याचा ३६ वा जिल्हा तयार झाला. नालासोपाऱ्याहून आता विरारला डहाणू लोकल धरायची, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, की पालघर. मोखाड्याच्या बाईला अजूनही घाट उतरून यावं लागतं, ते वेगळं. जिल्हा जवळ आला म्हणजे रस्ता सोपा झालाच असं नाही.

महसूल खात्याचा आणि माणसांच्या जन्माचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मलाही मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हता. सातबारा आपल्याला माहीत असतो. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा. नमुना ६ म्हणजे फेरफार. तसाच गाव नमुना १४ असतो, त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची नोंद त्यात व्हायची. जुनी पानं मोडीत आहेत. कुणबी दाखल्यांच्या निमित्तानं दोन वर्षांपूर्वी या वह्यांची खूप शोधाशोध झाली, तेव्हा तुम्ही नाव ऐकलं असेल. बारसं व्हायच्या आधीच नोंद होई, त्यामुळे अनेक ठिकाणी बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, गाव, आणि पुढे मुलगा झाला किंवा मुलगी झाली. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं तिच्यासाठी बऱ्याच पानांवर रकानासुद्धा नाही.

सातबारावरही हेच. मालकाच्या रकान्यात भाऊ, आणि बहिणींची नावं 'इतर हक्कात', पानाच्या एका बाजूला, जिथे कर्जाचा बोजा लिहितात तिथे. पुढे कधीतरी हक्कसोडपत्रावर अंगठा, की तेवढीही गेली. आचोळ्यात आज भाताचं खाचर शोधावं लागतं. पण शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटच्या इमारती झाल्या, तेव्हा ज्यांची नावं पहिल्या रकान्यात होती त्यांच्या सह्या लागल्या. इतर हक्कातल्या किती जणींना कोणी विचारलं, हे आपल्या गटातल्या मोठ्या बायकांना विचारा. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क देशभर २००५ च्या कायद्यानं मिळाला. महाराष्ट्रात तर १९९४ लाच पाऊल उचललं होतं. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा नियम झाला. वालुबाईच्या मुलाला आज 'तुकाराम वालुबाई भाऊराव साठे' असं लिहावं लागलं असतं.

एक ऑगस्टच्या यादीत बाई अगदीच नाही असं नाही. मीनाकुमारीचा जन्म १ ऑगस्ट १९३३ चा, मुंबईतलाच. खरं नाव महजबीन. शाळेत जायच्या वयात ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, घर चालवण्यासाठी. १९७२ मध्ये 'पाकीजा' लागला आणि दोनच महिन्यांत ती गेली. चाळिशीही पाहिली नाही. मला तिचे सिनेमे आवडतात, पण रडून घ्यायची सवड असेल तेव्हाच बघते.

आणि अंगणवाडी ताईंचा फलक तुम्ही पाहिला असेल, आजपासून ७ तारखेपर्यंत स्तनपान सप्ताह. ही १ ऑगस्ट कुठून आली? इटलीत फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे. तिथे जुन्या काळी टाकून दिलेल्या बाळांना सांभाळणारं एक घर होतं, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी बांधलेलं. १९९० साली त्याच वास्तूत जगभरचे आरोग्यवाले जमले आणि १ ऑगस्टला त्यांनी जाहीरनामा केला की बाळाला आईचं दूध मिळावं आणि आईला ते पाजता यावं अशी सोय सरकारांनी करावी. त्याची आठवण म्हणून हा आठवडा. ज्या घरात आई-बापाचं नाव नसलेली बाळं येत होती, तिथे आईच्या दुधाबद्दल ठराव व्हावा, हे मला कुठल्याही लढाईच्या तारखेपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

आता सासूबाईंकडे येते.

त्यांची आई त्यांना सांगायची, राज्य झालं त्या पावसात तू झालीस, नागपंचमीला. वारुळाला दूध वाहून बायका परत येत होत्या तेव्हा घरातून तुझं रडणं ऐकू आलं. राज्य म्हणजे महाराष्ट्र राज्य, १ मे १९६०. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी अण्णाभाऊंनी 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव गाजवली, तेच राज्य. म्हणजे सासूबाईंचा जन्म १९६० च्या श्रावणातला, पंचांगाप्रमाणे जुलैची अखेर. परवा २९ जुलैला नागपंचमी झाली, तेव्हा त्यांना ६५ पूर्ण झाली.

कार्डावर मात्र १ जानेवारी १९६४. कार्ड काढताना विचारणाऱ्यानं वय विचारलं, यांनी अंदाजे सांगितलं, त्यानं साल काढलं आणि पुढे १ जानेवारी टाकली. आपल्यापैकी कितीजणींची जन्मतारीख १ जानेवारी नाहीतर १ जून आहे, हात वर करा. १ जूनवाल्या शाळेतल्या. गुरुजींनी नाव घालताना शाळेचं वर्ष बघून तारीख बसवली. दरवर्षी १ जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो आणि केक कोणी कापत नाही.

आम्ही जूनमध्ये श्रावणबाळ योजनेची चौकशी करायला एका कार्यालयात गेलो. ६५ वर्षं लागतात. खिडकीतल्या माणसानं कार्ड बघितलं आणि म्हणाला, "आजी, २०२९ उजाडल्यावर या." सासूबाई म्हणाल्या, "तोवर मी उजाडले तर." तो हसला. वाईट माणूस नव्हता, त्याच्यापुढे जे लिहिलं होतं ते त्यानं वाचलं. पण साडेतीन वर्षांचे पैसे त्या एका अंदाजात गेले. औषधाची चिठ्ठी मेडिकलवाला अंदाजानं भरत नाही.

पुरावा म्हणून आम्ही त्यांच्या धाकट्या भावाचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर १ जून १९६२. म्हणजे कागदाप्रमाणे धाकटा भाऊ थोरल्या बहिणीपेक्षा दीड वर्षानं मोठा. मामा म्हणाले, "आता तूच मला ओवाळणी घाल." आणि बघा, त्यांची १ जूनसुद्धा गुरुजींचीच. एक अंदाज खोडायला आम्ही दुसरा अंदाज घेऊन निघालो होतो.

तेव्हा कोणीतरी कोतवाल बुकाचं सांगितलं. त्यांच्या माहेरच्या तालुक्याला जाऊन १९६० च्या नोंदीची नक्कल मिळावी असा अर्ज दिला आहे. त्यांचं नाव त्यात नसणार हे माहीत आहे. त्यांच्या वडिलांचं नाव शोधायचं, आणि त्यापुढे जुलैत 'मुलगी झाली' असं आहे का बघायचं. मिळालं तर त्या एका शब्दावर पुढचे सगळे कागद चालतील. मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा घोळ असेल तर पेन्शनचं वय येईपर्यंत थांबू नका. आत्ताच नक्कल मागा. जुनी पानं हात लावला की तुटतात. आणि घरात बाळ झालं तर २१ दिवसांच्या आत नोंद करा, त्याला पैसे पडत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. गुरुजींचा १ जून आता चालायचा नाही. ही नोंद सक्तीची करणारा कायदा १९६९ चा आहे. त्याच वर्षी १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहिलेला एवढा मोठा लेखक.

गेल्या शनिवारी बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मी एक कोरी वही काढली. म्हटलं, ज्यांना आपली खरी तारीख माहीत नाही त्यांनी जे माहीत आहे ते सांगा. सतराजणी होतो, अकराजणींनी सांगितलं. एकीचा जन्म गौरी विसर्जनाच्या रात्री. एकीचा, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या चौथ्या दिवशी. तो ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे तिची तारीख आम्हाला तिथल्या तिथे सापडली आणि तिला कोण आनंद झाला. एकजण नुसतीच म्हणाली, "मी झाले तेव्हा बाबा मिठागरावर होते, आईनं एवढंच सांगितलं." तेही लिहून घेतलं.

घरी येऊन वही सासूबाईंना दाखवली. त्यांना वाचता येत नाही. पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "यातली माझी ओळ कुठली?" मी दाखवली. मग विचारलं, "आईचं नाव लिहिलंस?"

नव्हतं लिहिलं. ते आता लिहिते, आणि बाकीच्या दहाजणींनाही विचारते. पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी, नेहमीच्या जागी, चार वाजता. येताना आईचं पूर्ण नाव आठवून या.